धीर द्यायचा नाही

कोहका, भिलाई
१२ जुलै १९८८

ती. सत्यशीलाताईस,
धाकट्या शालूचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. नलूचे पुढचे दोन दात पडले आणि तरी ती शाळेत भाषण ठोकून आली, हे वाचून मी ड्यूटी रूममध्ये एकटीच हसले. माझं मराठी हिंदीच्या चालीनं चालतं म्हणून तू चिडवतेस. काय करू, दिवसभर तोंडात हिंदीच असते. कोहक्याच्या खोलीवर आलं की बोलायला कोणी नाही, म्हणून तुला लिहिते.

आता मुख्य गोष्ट. आपले धोंडबाकाका आमच्या दवाखान्यात भरती झालेत, तेही माझ्याच वॉर्डात. पित्ताशयात खडे निघाले. रेल्वेच्या दवाखान्यात जायचं सोडून, पुतणी इथं नर्स आहे म्हणून हट्टानं इकडं आले. गयाबाईकाकू रोज चरोद्याहून लोकलनं डबा घेऊन येतात.

ताई, काका इतके भितात की बघवत नाही. ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला की तोंडावर चादर ओढून घेतात. सकाळी किती जण ऑपरेशनला गेले आणि किती परत आले ते बोटांवर मोजतात. परत आलेल्याच्या खाटेजवळ जाऊन श्वास चालू आहे ना ते वाकून बघतात. हात बर्फासारखे. ब्लडप्रेशर एकशे ऐंशीच्या खाली येत नाही, आणि ते आल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. डॉक्टर मला म्हणाले की सिस्टर, तुमचाच माणूस आहे, जरा बोलत जा, अर्धं औषध तेच आहे. मग मी रोज जवळ बसते. सुई कशी टोचतात, आकडे कसे मोजायला लावतात, सगळं सांगते. मी बसले की ते शांत होतात, उठले की पुन्हा तेच.

तू त्यांना धीराच्या दोन ओळी लिहून पाठव. आई गेल्यावर त्यांनीच आपल्याला वाढवलं. माझ्या नर्सिंगच्या फॉर्मवर पालक म्हणून त्यांचीच सही आहे. तुझं पत्र आलं तर त्यांना बरं वाटेल.

भाऊजींना जयभीम, नलूला पापा. माझ्यावरची माया आटू देऊ नको.
तुझी शालू

*

पुलगाव
१८ जुलै १९८८

चि. शालूस,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल.

तुझं पत्र तीनदा वाचलं. धीराच्या दोन ओळी मागतेस. त्या माणसासाठी माझ्याजवळ एकही नाही. काहून नाही, ते आज सांगते. वीस वर्षं सांगितलं नाही, कारण तू त्याच्या घरी होतीस, त्याच्या हातचं खात होतीस. तुझं शिक्षण व्हावं, तुले नोकरी लागावी, म्हणून मी ओठ दाबून बसली. आता तू तुझ्या पायावर उभी आहेस.

बाबा काविळीनं गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस, मी बारा. रेल्वेनं बाबांच्या जागी आईले काम द्यायचं ठरवलं, स्टेशनवर पाणी पाजायचं. डॉक्टरी तपासणीत तिच्या बेंबीजवळ हर्निया निघाला. साधं ऑपरेशन आहे, करून आलीस की पास करतो, असं त्या डॉक्टरनं सांगितलं. आई तयार झाली. दवाखान्यात भरती झाली. तुले शेजारी ठेवलं आणि मी तिच्याजवळ राहिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भेटायच्या वेळेस, काका आला. स्टुलावर बसला, मोसंबी सोलली, एक एक फोड आईच्या हातावर ठेवत गेला आणि हळू आवाजात सांगत गेला. उतईच्या एका बाईले असंच बेशुद्ध केलं, ती उठलीच नाही. तिची पोरं आता लोकांच्या घरी भांडी घासतात. वहिनी, मी नको म्हणत नाही, करायचं तर कर, पण पोरींना एकदा डोळे भरून पाहून घे. असं म्हणून साली कागदात गुंडाळून तो निघून गेला. शालू, मी आईचा हात धरला तर तो थंडगार. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर तिनं मले उठवलं आणि आम्ही दोघी कोणाले न सांगता घरी आलो.

आई अनफिट झाली. महिन्यानं तिनं कागदावर अंगठा दिला की मले जमत नाही, माझ्या दिराले घ्या. काकाच्या अंगावर रेल्वेचे कपडे आले ते असे. दोन वर्षांनी आईचं आतडं त्या हर्नियात अडकलं आणि दोन दिवसांत ती गेली.

खरं सांगू, राग मले आईचाही आला होता. एवढी कशी भित्री, म्हणून.

आता ऐक. त्याच्या औषधाले हात लावू नको. जी गोळी ज्या वेळेले द्यायची ती तशीच दे, तुझ्या नोकरीले डाग नको. फक्त धीर देऊ नको. आईनं जे भोगलं ते त्याले घोट घोट पिऊ दे.

तुझ्या मायेचीच भुकेली,
ताई

*

कोहका, भिलाई
३० जुलै १९८८

ती. ताईस,
शालूचा सविनय जयभीम.

तुझं पत्र वाचून पहिला राग तुझाच आला. एवढं तू एकटीनं कसं ठेवलंस? मी त्यांच्या ताटात जेवत राहिले, त्यांच्या पाया पडत राहिले, आणि तू लांबून बघत राहिलीस. दोन दिवस तुला उत्तर लिहायचंच नाही असं ठरवलं होतं.

मग ड्यूटीवर गेले. काकांनी रोजचंच विचारलं, की बेशुद्ध केलेला माणूस उठतो ना. मी थर्मामीटर झटकलं, त्यांच्या जिभेखाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. एवढंच. नाडी माझ्या बोटांखाली पळत होती. ताई, न बोलण्यात इतकी ताकद असते हे चार वर्षांच्या नोकरीत मला कळलं नव्हतं.

त्यानंतर रोज तेच केलं. औषध, इंजेक्शन, पथ्य, सगळं वेळेवर. माझ्या चार्टात कोणी चूक काढू शकणार नाही. धीर द्या असं चार्टात लिहिलेलं नसतं. शेजारच्या खाटेवरच्या दयारामला थिएटरमधून यायला उशीर झाला. आधीचं ऑपरेशन लांबलं होतं, हे मला माहीत होतं. काकांनी घाबरून विचारलं, तर मी म्हटलं की काही सांगता येत नाही. त्या दिवशी त्यांचं प्रेशर दोनशेवर गेलं. दोनदा तारीख पुढं ढकलली. डॉक्टरांनी विचारलं की सिस्टर, बोलता ना त्यांच्याशी. मी हो म्हटलं. नोकरीतलं हे माझं पहिलं खोटं.

तिसरी तारीख अठ्ठावीसची होती. आदल्या दिवशी संध्याकाळी मी सहीचा कागद घेऊन गेले. काकू डबा घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं की काका, काकू आल्यात, त्यांना एकदा डोळे भरून पाहून घ्या.

ताई, त्यांनी ओळखलं. वीस वर्षांनीही स्वतःचे शब्द ओळखले. पेन हातातून पडलं आणि ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू माझ्या जागी आईच उभी आहे. सही झाली नाही. सकाळी सहाला मी आले तर खाट रिकामी. दवाखान्याचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे अंगावर तसेच ठेवून पहिल्या लोकलनं चरोद्याला पळाले.

मला आनंद झाला. मग बाथरूममध्ये जाऊन मी उलटी केली. दोन्ही खरं आहे.

रागावले तरी तुझीच,
शालू

*

पुलगाव
५ ऑगस्ट १९८८

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मले दोन घास जास्त गेले. नलूचे बाबा विचारत होते की आज काय विशेष. मी म्हटलं, बहिणीचं पत्र.

पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यात लोकलमध्ये बसलेला तो मले दिसते. दिसू दे. आई मले घेऊन आली तेव्हा तिच्या पायात चप्पलही नव्हती. आता पोटात खडे घेऊन बसू दे घरी, दुखलं की आठवण होईल. तू आणायले जाऊ नको. उलटी झाली म्हणतेस, तर लिंबूपाणी घेत जा आणि झोप नीट घे. तू चुकीचं काही केलं नाहीस.

लोभ धरून राहा.
ताई

*

कोहका, भिलाई
२४ ऑगस्ट १९८८

ती. ताईस,
शालूचा सविनय जयभीम.

तुझं ऐकलं नाही. आधी राग गिळ आणि मग पुढं वाच.

गेल्या आठवड्यात काकू धावत वॉर्डात आल्या. काकांचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, अंगाला खाज सुटते, अन्न जात नाही. मी समजले की खडा पित्ताच्या नळीत सरकला. आता ऑपरेशन झालं नाही तर माणूस हातचा जातो. रात्रपाळी बदलून घेतली आणि दुपारच्या लोकलनं चरोद्याला गेले. सगळ्या रस्त्यानं एकच विचार, की मेले तर सुटले. मेलेल्या माणसाला कसलं भय आलं. आणि दुसरंही होतं. मी नर्स आहे. माझ्या वॉर्डातून एक माणूस मी पळवून लावला होता, तो मला परत आणायचा होता.

काकूंना मी पाणी आणायला नळावर पाठवलं आणि काकांना सौदा सांगितला. मी हात धरून थिएटरपर्यंत येईन, बेशुद्ध होईपर्यंत सोडणार नाही, डोळे उघडाल तेव्हा समोर मीच असेन. विचाराल त्याचं खरं उत्तर देईन. त्याच्या बदल्यात तुम्ही ताईला सगळं स्वतःच्या हातानं लिहायचं. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले की वही आण.

पुन्हा वॉर्डात भरती झाल्यावर दोन दुपारी लिहीत होते. सोबत ते पत्र पाठवते. मी वाचलं आहे. तू बसून वाच. ऑपरेशन उद्या सकाळी आहे.

तुझ्या पायाशी,
शालू

*

(सोबतचे पत्र)

चि. सत्यशीलाबाईले धोंडबाचा जयभीम.

शालूनं सांगितलं म्हणून लिहून राहिलो, पण खोटं लिहीत नाही. उद्या मले टेबलावर घेणार आहेत.

वहिनीले मी भेव घातलं हे खरं आहे. उतईची ती बाई मी मनानंच उभी केली होती, अशी कोणी मेली नव्हती. तवा मी लोकांच्या वावरात रोजीनं जात होतो. बाई अनफिट झाली तर जवळच्या माणसाले घेतात हे माझ्या कानावर आलं होतं. मले वाटलं, ती घाबरून घरी राहीन, मी कमावीन, सगळ्यांचं भागन. ती मरन असं मनात नव्हतं.

आता तुले जे माहीत नाही ते सांगतो. मरायच्या तीन महिने अगोदर वहिनी माझ्याजवळ आली होती. म्हणे, भाऊजी, आता मले भेव वाटत नाही, मी मन घट्ट केलं, मले दवाखान्यात नेऊन द्या, पोट कापलं तरी चालन. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात नेतो. ती पुन्हा आली. मी पुन्हा म्हटलं, पुढच्या महिन्यात. मले वाटे, ही फिट झाली तर कोणी विचारन की हिची नोकरी तुह्याजवळ कशी. तिसऱ्या महिन्यात ती गेली. हे मी गयाबाईलेही सांगितलं नाही.

आता मले समजते तिले कसं वाटलं असन. हात थंडे पडतात, आन जवळ बसून जो गोड बोलते त्याचंच खरं वाटते.

माफ कर असं शालूनं लिहू दिलं नाही.
धोंडबा

*

कोहका, भिलाई
१४ सप्टेंबर १९८८

ती. ताईस,
शालूचा सविनय जयभीम.

तुझं उत्तर नाही. समजू शकते. पोळा झाला, शेजारच्या छत्तीसगढी बाईनं सणाचा फराळ म्हणून ठेठरी-खुरमी आणून दिली, ती तशीच डब्यात आहे.

ऑपरेशन चांगलं झालं. मी शब्द पाळला. ट्रॉलीबरोबर हात धरून चालले. त्यांनी विचारलं की उठीन ना, आणि मी म्हटलं उठाल. आकडे नऊपर्यंत मोजले आणि माझ्या हातातली त्यांची मूठ सैल झाली. शुद्धीवर आले तेव्हा समोर मी होते. लहान पोरासारखे रडले. त्या क्षणी मला वाटलं होतं की बास, झालं.

पण आठव्या दिवशी टाके निघाले आणि माणूस बदलला. जेवायला लागले, पानाची आठवण झाली, शेजारच्या खाटेवरच्याला रेल्वेच्या गमती सांगायला लागले. आणि घरी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की ते पत्र ताईकडून परत मागव. भेवात माणूस काहीही लिहितो, त्याचं काय खरं धरायचं. एकतीस ऑक्टोबरला त्यांचं रिटायरमेंट आहे, चरोद्याला मोठा कार्यक्रम ठेवलाय, चार लोकांत इज्जत आहे.

काय कळवू ते सांग.
तुझी शालू

*

पुलगाव
२० सप्टेंबर १९८८

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

उत्तर दिलं नाही कारण हात चालत नव्हता. ते पत्र आलं त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. आई तीन महिने त्याच्या मागं फिरली. स्वतःच्या तोंडानं म्हणाली की मले भेव वाटत नाही. आणि मी वीस वर्षं तिले भित्री म्हणत आली. सासरी कोणी विचारलं तर सांगे की आई दवाखान्यातून पळाली म्हणून मेली. नलूले सुई टोचायची असली की म्हणे, आजीसारखं करू नको. त्यानं माझ्या आईचा जीव नेला, आणि तिची हिंमतही माझ्यापासून लपवली. पहिल्या गोष्टीपेक्षा ही दुसरी मले जास्त जाळून राहिली.

पत्र परत भेटणार नाही. त्याले सांग की ताई एकतीस तारखेले चरोद्याले येऊन राहिली, पत्र घेऊन. मी बोलणार की गप्प बसणार, ते सांगू नको, तुलेही सांगत नाही. तारीख मात्र त्याले नीट सांग. ऑपरेशनची सांगतात तशी.

तुझ्यावर राग नाही. त्याले आणलंस ते बरं केलंस.
ताई

*

कोहका, भिलाई
३ नोव्हेंबर १९८८

ती. ताईस,
शालूचा सविनय जयभीम.

तू आली नाहीस. मी स्टेशनवर दोन गाड्या बघून आले.

तारीख सांगितल्यापासून महिनाभर काकांचं सगळं पहिल्यासारखं झालं. जेवण तुटलं, हात गार. दर रविवारी चरोद्याला जाऊन मी प्रेशर मोजत होते. दरवेळी विचारत की ताई खरंच येणार का, सगळ्यांसमोर वाचणार का. मला माहीत नव्हतंच, म्हणून मी खरं तेच सांगितलं की माहीत नाही.

कार्यक्रम चारला सुरू झाला. झेंडूचे हार, शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ भेट. साहेबांनी भाषण केलं की धोंडबांनी वीस वर्षं इमानदारीनं सेवा केली. काकांचं लक्ष फाटकाकडं. एखादी बाई आत आली की खुर्चीचे हात धरून अर्धे उठायचे. त्यांची बोलायची पाळी आली. उभे राहिले, गळ्यातले हार काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले की ही नोकरी माझी नव्हती. माझ्या वहिनीची, भीमाबाईची होती. मी तिला भेव घालून घेतली, आणि ती त्यातच मेली.

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. साहेब माईकवर म्हणाले की पाहा, किती नम्र माणूस, आजही वहिनीचे उपकार विसरला नाही. काका नाही नाही म्हणत होते, खरंच म्हणतो असं दोनदा बोलले, पण तोवर माईक दुसऱ्याच्या हातात गेला होता. लोकांनी टेबलावरचे हार उचलून पुन्हा त्यांच्या गळ्यात घातले.

पुढच्या रांगेत एकट्या काकूंनी टाळी वाजवली नव्हती. रिक्षात त्यांनी विचारलं की ते काय होतं. मी काकांकडं बघितलं आणि काकांनाच सांगावं लागलं. उतईच्या बाईपासून त्या तीन महिन्यांपर्यंत सगळं. काकूंनी घरी आलेल्या प्रत्येकाला चहा दिला, कप विसळून पालथे घातले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारात. म्हणतात की वीस वर्षं मी भीमाच्या घासावर जगले आणि तिलाच वेडी म्हणत राहिले. आता माझ्याकडंच राहतात. माझं जेवण, माझे कपडे, सगळं काम त्यांनी हातात घेतलं आहे. रात्री मात्र झोपत नाहीत.

काका रोज लोकलनं येतात आणि समोरच्या नळाजवळ उभे राहतात. काकू दार उघडत नाहीत. जखम छान भरली आहे. डॉक्टर म्हणाले की तब्येत ठणठणीत, अजून वीस वर्षं जगतील.

ताई, तू का आली नाहीस?
तुझी शालू

*

पुलगाव
१० नोव्हेंबर १९८८

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद. काकूले माझा जयभीम सांग.

मी तिकीट काढलंच नव्हतं. एकतीस तारखेले मी घरी ज्वारी निवडत होती. चार वाजले तेव्हा हात थांबला, एवढंच. त्याच्या मांडवात उभं राहून मले आईचं नाव घ्यायचं नव्हतं. ते त्याच्याच तोंडून निघायचं होतं.

टाळ्यांचं वाचून आधी अंगाची आग झाली. मग दोन दिवसांनी वाटलं, बरं झालं. खरं बोलायले गेला आणि कोणी ऐकलं नाही. कसं वाटते, ते समजलं असेल.

काकूवर माझा राग नाही. थंडीत तिले इकडे पाठव, नलूले आजी पाहिजेच आहे. नलूले मी बसवून सगळं सांगितलं. तिनं विचारलं की मग आजी भीत नव्हती का. मी म्हटलं, भीत होती, आणि तरी तयार झाली होती.

काल त्याचं कार्ड आलं. लिहिते की आता नोकरी गेली, बायको गेली, क्वार्टर सोडायचा आहे. तू एकदा येऊन काय बोलायचं ते बोलून जा, फक्त कधी येशील ते कळव. मी त्याले उत्तर देणार नाही. नळाजवळ उभा दिसला तर तू सांग. म्हण, ताई नक्की येणार आहे. तारीख तिनं अजून कळवली नाही.

तुझी माया मले पुरते, तिले खंड पडू देऊ नको.
तुझीच,
ताई